पुण्याचा डबा

आमच्याकडे नाताळच्या फराळाला डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हात लागतो. एकेका दिवशी एकेकीचं घर. पाच-सहा जणी जमतात, कुणी पोळपाट आणते, कुणी कातणं, आणि दुपारची भांडी आवरून जे बसणं होतं ते पार दिवेलागणीपर्यंत. आत्याच्या घरचा दिवस ठरलेला. तिथं करंज्या तळून, निथळून झाल्या की ती दर वर्षी एक काम करायची. फळीवरचा कडीचा स्टीलचा डबा काढायची, कोरड्या फडक्यानं आतून-बाहेरून पुसायची, तळाला कागद घालायची आणि मोजून चाळीस करंज्या त्यात भरायची. "हा पुण्याचा," म्हणायची. पुण्याला तिची मुलगी, माझी आतेबहीण.

डबा पुण्याला जातो कुणाबरोबर, हे आमच्यापैकी एकीनंही कधी विचारलं नाही.

आम्ही नगरचे. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात नगरच येतं. 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशन इथं आलं. त्या मिशनच्या शाळा, दवाखाने, बोर्डिंगं यांच्या आधारानं आमच्यासारखी कितीतरी घरं उभी राहिली. त्यामुळे आमच्यात बहुतेक घरांत एक तरी मास्तर किंवा एक तरी नर्स सापडते. आत्या नर्स. चौतीस वर्षं नोकरी केली तिनं, त्यातली निम्मी रात्रपाळीत. वस्तीत कुणी गेलं की पहिलं बोलावणं तिला. मयताला अंघोळ घालायची, घरातल्या बायकांना सावरायचं, लहान लेकरांना शेजारी नेऊन दूधभात भरवायचा, आणि दफनविधीहून माणसं परत येईपर्यंत चुलीवर चहाचं आधण ठेवायचं. हे तिनं किती घरांत केलं असेल, याची मोजदाद नाही. आणि तिला कुणी विचारलं, "आत्या, कशी आहेस?" की उत्तर एकच. "बरीय की. देवाची कृपा."

तीन वर्षांपूर्वीच्या फराळाला बाकीच्या जणी अंधार पडायच्या आत निघाल्या. मी उरले. शेवटच्या घाण्यातल्या पाच-सहा करंज्या लाटायच्या राहिल्या होत्या. आत्या कातण्यानं कड कापत होती, मी सारण भरत होते. मान वर न करता ती म्हणाली, "तिचा फोन येत नाही गं. सहा वर्षं झाली."

मला आधी कळलंच नाही कुणाचा. मग डब्याकडे नजर गेली. "मग हा?"

"सव्वीस तारखेला नर्सिंगच्या पोरींच्या होस्टेलवर देऊन येते. ज्या सुट्टीला घरी जात नाहीत त्या खातात."

एवढं बोलून तिनं कापलेली कड गोळा केली, मळून गोळा केला आणि पुन्हा लाटायला घेतला.

त्या क्षणी मी काय केलं ते लिहिल्याशिवाय पुढचं लिहिण्यात अर्थ नाही. मी बोलायला लागले. काय झालं होतं, कोण काय म्हणालं, जावयाचं काही होतं का, असं एकामागून एक विचारलं. मग म्हणाले, मी लावू का तिला फोन? आणि मग बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं ते वचन तिला म्हणून दाखवलं, की देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. आत्याला ते वचन माझ्या जन्माच्या आधीपासून पाठ आहे. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "हो, खरंय." आणि कढईखालचा गॅस बंद केला.

इथवर झालं ते अडाणीपणाचं म्हणता येईल. पण बुधवारी आमची बायकांची प्रार्थना-सभा असते. तिथं मी उभी राहिले आणि म्हणाले, माझ्या मनावर एका बहिणीचं ओझं आहे, तिची लेक तिच्यापासून दुरावली आहे, आपण सगळ्यांनी तिच्यासाठी मागू या. नाव घेतलं नाही. बारा बायका होत्या, आणि बाराही जणींना कळलं. त्या दिवशी सर्दी झाली म्हणून आत्या आली नव्हती. शुक्रवारपर्यंत दोघी जणी तिच्याकडे सांत्वनाला जाऊन आल्या. एकीनं जाता जाता सांगितलं, आईनंच आधी माफी मागितली तर बिघडतं काय. आत्यानं दोघींना चहा दिला.

त्यानंतर ती बुधवारी यायची थांबली. रविवारी चर्चमध्ये दिसायची, पण आमच्या नेहमीच्या बाकावर नाही, मागे दाराजवळ. "कशी आहेस आत्या?" "बरीय. देवाची कृपा." शब्द तेच होते. पण आधी त्या शब्दांत एक ऊब असायची, ती गेली होती.

त्या हिवाळ्यात, बायबल क्रमानं वाचताना, मी राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायाला आले. शूनेम गावच्या बाईची गोष्ट. लहानपणी शब्बाथशाळेत ऐकलेली. तेव्हा त्यातला मेलेला मुलगा उठतो एवढंच लक्षात राहिलं होतं. घरात बरंच आहे अशी ही बाई. अलीशा संदेष्टा त्या वाटेनं येतो-जातो म्हणून नवऱ्याला सांगून ती माडीवर त्याच्यासाठी एक खोली बांधून घेते. पलंग, मेज, बसायला आसन आणि दिवा, एवढं सामान. मूल नाही तिला. अलीशा विचारतो, तुझ्यासाठी काय करू? ती काही मागत नाही. म्हणते, मी माझ्या माणसांत राहते आहे. मूल होईल असं तो सांगतो तेव्हा ती घाबरते. म्हणते, मला खोटी आशा लावू नका. मूल होतं. मोठं होतं. एक दिवस कापणीच्या वेळी बापाकडे शेतात जातं आणि "माझं डोकं, माझं डोकं" करत कळवळतं. गडी त्याला उचलून आईकडे आणतो. दुपारपर्यंत आईच्या मांडीवर असतं, आणि मग जातं.

ती त्याला माडीवर नेते, संदेष्ट्याच्या पलंगावर ठेवते, दार लावून घेते आणि नवऱ्याकडे गाढव मागते. तो विचारतो, आज कशाला निघालीस, आज अमावास्येनंतरचा सण नाही, शब्बाथ नाही. ती म्हणते, ठीक आहे. कर्मेल डोंगरापर्यंतची चांगली पंचवीसेक किलोमीटरची वाट. अलीशाला ती लांबून दिसते. तो आपल्या चाकराला, गेहजीला, सामोरा पाठवतो, विचार म्हणतो, तू बरी आहेस ना, नवरा बरा आहे ना, मूल बरं आहे ना? गेहजी विचारतो. आणि ज्या बाईचं पोर घरी मरून पडलंय ती म्हणते, बरं आहे.

मूळ हिब्रूत तिचं उत्तर एका शब्दाचं आहे. शालोम. नवऱ्यालाही तोच, गेहजीलाही तोच. आमच्यात भेटल्यावर 'सलाम' म्हणायची रीत आहे. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून तेच येतं. हिब्रूतला शालोम आणि हा सलाम सख्खी भावंडं. चर्चच्या पायरीवर ज्या शब्दानं आपण दुसऱ्याला हाक घालतो, त्याच शब्दाची कडी ती आतून लावून घेते.

मी तो अध्याय त्या रात्री तीनदा वाचला. ती खोटं बोलली असं तिथं कुठंही म्हटलेलं नाही. तिच्या विश्वासात उणं होतं असंही नाही. कारण पुढच्याच ओळीत ती डोंगरावर पोचते आणि अलीशाचे पाय धरते. गेहजी तिला बाजूला सारायला येतो. अलीशा म्हणतो, सोड तिला, तिचा जीव फार कष्टी आहे, आणि परमेश्वरानं हे माझ्यापासून लपवून ठेवलं आहे, मला कळवलं नाही. एवढा मोठा संदेष्टा, आणि चाकरासमोर सांगतो की हिला काय झालंय ते मला ठाऊक नाही. मला वाटतं, ती त्याच्याकडेच का आली याचं उत्तर त्या वाक्यात आहे. कुणापाशी उघडायचं हे तिचं तिनं ठरवलं होतं, आणि ते घरून निघतानाच ठरलेलं होतं. वाटेत विचारणाऱ्याला मिळालं ते वाटेतलं उत्तर.

मी गेहजी होते. हे मला त्या रात्री लख्ख दिसलं.

त्याच्या वाट्याला आणखी एक काम येतं. अलीशा त्याला आपली काठी देतो. म्हणतो, पुढे पळ, वाटेत कुणाला रामराम करू नकोस, आणि ही काठी मुलाच्या तोंडावर ठेव. तो जातो, ठेवतो. आवाज नाही, हालचाल नाही. परत येऊन सांगतो, मूल जागं झालं नाही. इकडे ती आई मात्र म्हणते, तुम्हाला सोडून मी जायची नाही. मग अलीशा उठतो आणि तिच्या मागून चालू लागतो. तिच्या मागून, असंच लिहिलेलं आहे. घरी जाऊन दार लावतो, प्रार्थना करतो, आणि मग त्या लेकराच्या अंगावर आडवा होतो, तोंडाला तोंड, डोळ्याला डोळा, हाताला हात. मुलाचं अंग ऊबदार होतं. पण एवढ्यानं भागत नाही. तो उठून घरात येरझारा घालतो, आणि पुन्हा जाऊन तसंच करतो. मग ते पोर सात वेळा शिंकतं आणि डोळे उघडतं.

आत्याला मी रोज सकाळी सहाच्या सुमारास व्हॉट्सॲपवर एक वचन पाठवत होते. मागे सूर्योदय, फुलं. दोन-अडीच वर्षं सलग. तीही न चुकता जोडलेले हात पाठवायची. आठशेच्या वर वचनं झाली असतील, आणि त्याच आठशे दिवसांत मी तिच्या घरी निवांत किती वेळा गेले होते ते आठवून पाहिलं, तर सणवार सोडून बोटांवर मोजण्याइतके दिवसही निघेनात. मी काठी पाठवत होते. वचन खोटं नव्हतं. अलीशाची काठीही खरीच होती.

नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायात याबद्दल एक बोचरं वाक्य आहे: खिन्न मनाच्या माणसापुढे गाणी म्हणणं म्हणजे थंडीच्या दिवसात अंगावरचं वस्त्र काढून घेण्यासारखं. आम्ही गाणारी मंडळी. कुणी आजारी पडो, कुणाचं कुणी जावो, आम्ही पेटी-तबला घेऊन दारात हजर. त्यानं आधार मिळतो, मी स्वतः घेतलाय. पण आता एखाद्या घरात शिरताना मी आधी बघते, इथं थंडी किती आहे.

आमच्या मंडळीत दुःख लपवलं जातं त्याला कारणं आहेत, आणि ती बाहेरून आलेली नाहीत. आमच्यात साक्ष देतात, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगतात. मला ती रीत प्रिय आहे. माझ्या वडिलांची साक्ष ऐकून मी मोठी झाले. पण साक्षीला एक साचा पडत गेलाय. संकट आलं, प्रार्थना केली, प्रभूनं सोडवलं. ज्याचं अजून सुटलेलं नाही, त्यानं उभं राहून काय सांगायचं? तो बसून राहतो, टाळ्या वाजवतो आणि पुढच्या रविवारी आणखी नीट इस्त्रीचे कपडे घालून येतो. त्यातून वस्ती लहान, नाती गुंतलेली. शाळेतल्या बाई, दवाखान्यातल्या सिस्टर, चर्चच्या वडीलमंडळातले भाऊ, सगळे एकमेकांचे मामा-मावशी. एका घरातलं बोलणं चौथ्या घरात चहाबरोबर पोचतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ते प्रार्थनेचं नाव लावून पोचतं, जसं मी पोचवलं.

स्तोत्रसंहितेतली दीडशे स्तोत्रं पाहिली तर जवळजवळ तिसरा हिस्सा रडगाऱ्हाण्याचा आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधार या शब्दावर संपतं. पुढे स्तुतीची एकही ओळ नाही, उजाडतच नाही. ज्यांनी हा ग्रंथ जुळवला त्यांनी ते काढून टाकलं नाही, शेवटी गोड ओळ जोडली नाही. आमच्या चर्चमध्ये ते मोठ्यानं वाचलेलं मला तरी आठवत नाही. वाचावं असं मला फार वाटतं. मागच्या बाकावर दाराजवळ बसणाऱ्यांसाठी.

आणि गेथशेमाने, येशूला धरून नेलं त्या रात्रीची बाग. गुड फ्रायडेच्या आदल्या रात्रीची उपासना मी चाळीसेक वर्षं ऐकत आले असेन, पण एक बारीक गोष्ट अलीकडे लक्षात आली. त्या बागेत येशूबरोबर अकरा शिष्य होते. आठ जणांना त्यानं सांगितलं, इथं बसा. तिघांना पुढे नेलं. आणि माझा जीव मरणाइतका खिन्न झालाय, हे त्यानं त्या तिघांपाशी बोलून दाखवलं. आठ जणांवर त्याचं प्रेम कमी होतं असं कोण म्हणेल? पण ते वाक्य अकरांसमोर उच्चारलं गेलं नाही. त्यानं तिघांकडे मागितलं ते इतकंच, इथं थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. उपदेश मागितला नाही, उपायही नाही. ते झोपले. तो तीनदा येऊन बघून गेला. त्या तिघांतला एक माणूस झोपेशी झगडत नुसता बसून राहिला असता तरी त्या रात्रीला केवढी सोबत झाली असती, असं दर वर्षी मनात येतं.

नुसतं बसून राहणं कसं असतं ते मला आमच्या गल्लीतल्या एका आजीनं दाखवलं. वय ऐंशीच्या पुढे, लिहिता-वाचता येत नाही, ऐकायलाही कमी. बुधवारच्या त्या बारा जणींत ही होती. माझं बोलणं तिला निम्मं ऐकू आलं असेल, पण समजलं पुरतं. दुसऱ्या दिवसापासून ती रोज चारच्या सुमारास काठी टेकत आत्याच्या ओट्यावर जाऊन बसायला लागली. येताना कधी शेंगा आणायची, कधी निवडायची मेथी, कधी स्वतःच्या घरचे गहू ताटात घेऊन यायची. म्हणायची, "सिस्टर, मला दिसत नाही, तेवढे खडे काढा." दोघी गहू निवडायच्या. मी येता-जाता बघायची. बोलणं जवळपास नाहीच. सव्वापाच-साडेपाचला आजी उठायची, "सलाम, सिस्टर," म्हणायची आणि जायची.

मी तिला एकदा विचारलं, "आजी, तुम्ही काय बोलता तिच्याशी?"

"मी काय बोलणार? मला ऐकू येतं का?" मग थोडं थांबून म्हणाली, "पोरी, तिनं माझ्या मालकांना अंघोळ घातली होती. त्या दिवशी ती मला काहीच बोलली नव्हती."

हातात काम असलं की माणसाला बोलता येतं, हे आमच्या बायकांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. समोरासमोर बसवून, डोळ्यांत बघून, "मन मोकळं कर" म्हटलं की घसा आवळतो. मेथी निवडताना, वाती वळताना, शेवया करताना डोळे खाली असतात, आणि मनातलं एक वाक्य हळूच ताटात पडतं. ते पडलं की उचलून चारचौघांना दाखवायचं नसतं. आत्यानं मला ते वाक्य करंजीची कड कापताना दिलं होतं. तिनं जागा निवडली होती, वेळ निवडली होती, माणूसही निवडलं होतं.

न बोलण्याचा एक वारसाही असतो. माझी पणजी, म्हणजे आत्याची आजी, पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळातून पंडिता रमाबाईंनी ज्या उपाशी मुली आणल्या, त्यांतली ती एक. सहा-सात वर्षांची असेल. तिच्या मागचं कोण जिवंत राहिलं, कोण वाटेत गेलं, तिनं कुणाला सांगितलं नाही. मूळची भाषाही विसरली, असं सगळे समजत. फक्त पाळणा हलवताना जे गुणगुणायची त्यातले शब्द मराठी नव्हते. आत्यानं ते लहानपणी ऐकलेत. पणजी ताटात शीत उरू द्यायची नाही, आणि दारात आलेल्या कुणालाही, आधी जेव, मग बोल, असं म्हणायची.

ते तिनं मुक्तीतूनच आणलं असणार असं मला वाटतं. रमाबाईंचे स्वतःचे आई-वडील आणि मोठी बहीण 1870 च्या दशकातल्या दुष्काळात गेले. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा. मुलगी मनोरमा 1921 मध्ये, रमाबाईंच्या आधी आठ-नऊ महिने. या बाईसमोर जेव्हा हाडांचे सापळे झालेल्या, कुणाशी एक शब्द न बोलणाऱ्या मुली आणून उभ्या केल्या, तेव्हा त्यांना काय झालंय ते तिला विचारावं लागलं नसेल. मुक्तीमध्ये अंघोळ होती, अन्न होतं, अंथरूण होतं, आणि मग हाताला काम होतं: शेत, माग, छापखाना. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं जाई. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत बायबल आणलं. 1922 मध्ये मरेपर्यंत त्या कामात होत्या, आणि छपाईचे खिळे जुळवायला मुक्तीच्याच मुली होत्या. ज्यांना आपली कहाणी सांगता आली नाही, त्यांच्यापैकी कुणाच्या बोटांखालून शूनेमच्या बाईची कहाणी अक्षर अक्षर गेली असेल. पणजी छापखान्यात होती की मागावर, ते घरात कुणाला माहीत नाही.

एक गोष्ट मात्र जवळ बसून राहण्यापलीकडची आहे आणि ती मला आत्यानंच शिकवली. तिनं विष घेतलेली, जाळून घेतलेली माणसं वॉर्डात पाहिली आहेत. ती म्हणते, ज्याचं बोलणं अचानक तुटतं, जो आपल्या वस्तू वाटायला लागतो, ज्याला झोप नाही की जेवण नाही, त्याच्याबाबतीत संकोच धरायचा नाही. सरळ विचारायचं, मरावंसं वाटतं का? विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट, बरेचदा माणूस सुटल्यासारखा रडतो. आणि उत्तर हो असलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, प्रार्थना करायची आणि लगेच डॉक्टरकडे घेऊन जायचं, दोन्ही. 2022 पासून सरकारची टेली-मानस ही सेवा आहे, 14416 या नंबरावर, रात्री-अपरात्रीही, मराठीतून बोलता येतं. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला आपण विश्वासात कच्चा म्हणत नाही. मनाच्या आजाराची गोळी घेणाऱ्याला आमच्यात अजून म्हणतात, आणि ते ऐकलं की माझ्या अंगाचा संताप होतो.

हे सगळं कळून मी आत्याकडे गेले तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता. वाटेत वाक्यं जुळवली होती, दारात ती सगळी गेली. म्हणाले, "आत्या, माझं चुकलं."

"बस. चहा घे."

चहा होईपर्यंत ती बोलली नाही. कप पुढे ठेवला आणि म्हणाली, "तू सांगितलंस याचं एवढं नाही वाटलं गं. कुणाला तरी कधीतरी कळणारच होतं. पण तू ते प्रार्थनेत सांगितलंस. आता तिथं डोळे मिटून बसले की वाटतं, सगळ्या जणी माझंच मागतायत. मला माझं मागता येत नाही."

मी तिच्याकडून काय हिसकावून घेतलं होतं ते मला तेव्हा कळलं. त्यावर म्हणण्यासारखं काही नव्हतं, आणि या वेळी मी काही म्हटलंही नाही. बऱ्याच वेळानं, तिनंच शिकवलेलं आठवून, भीतभीत विचारलं, "आत्या, कधी जीव नकोसा होतो का?"

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "नाही. तसं नाही होत." मग कप उचलता उचलता म्हणाली, "विचारलंस ते बरं केलंस."

सकाळची वचनं मी थांबवली. आठवड्यातून दोनदा जायला लागले, आजीच्या वेळेला. आधी आधी अवघड गेलं. शांतता झाली की काहीतरी भरायला माझी जीभ वळवळायची. आजी गहू पुढे सरकवायची, मी खडे काढायचे. आतेबहिणीचं नाव निघालं नाही, मी काढलं नाही. काय झालं होतं त्या दोघींत, ते मला आजही माहीत नाही. घरी मी दोघींची नावं घेऊन प्रार्थना करते, दार लावून. पुढच्या वर्षी ईस्टरनंतरच्या एका बुधवारी आत्या सभेला आली. दाराजवळ बसली. कुणी मागे वळून पाहिलं नाही. पाळकसाहेबांच्या मिसेसनी तेवढं आधीच सगळ्यांना बजावून ठेवलं असावं. गीत निघालं तेव्हा पहिलं कडवं ती गप्प होती. दुसऱ्या कडव्याला तिचा आवाज आला.

आजी गेल्या पावसाळ्यात गेली. अंघोळ आत्यानंच घातली. मी पाण्याची बादली धरून उभी होते.

या डिसेंबरात आत्याचे हात थरथरतात हे पहिल्यांदा ठळक दिसलं. कातणं कडेवरून घसरत होतं. बाकीच्या जणी उठल्या, मी राहिले. तिनं डबा काढला, पुसला, कागद घातला, आणि माझ्यापुढे सरकवला.

"तू भर."

"किती?"

"चाळीस."

मी एकेक करंजी ठेवत गेले. तिशीच्या आसपास माझा आकडा चुकला, हात थांबला.

"एकतीस," ती म्हणाली. ती खिडकीकडे तोंड करून उभी होती.

चाळीस झाल्या. तिनं झाकण लावलं, वरून तळहातानं दाबलं, कडी अडकवली. फडक्यानं बाहेरून एकदा पुन्हा पुसलं.

"सव्वीसला येशील का बरोबर? होस्टेलला दोन जिने आहेत."

"येते."

"बरं. चहा टाक मग."